नुसता वास पुरतो का?

नागापूरच्या एमआयडीसीत रात्रपाळी सुरू होतेय असं समजा. गेटवर सुपरवायझर एका कामगाराला अडवतो आणि रजिस्टरात लिहितो, ‘तोंडाला दारूचा वास, चाल अडखळत.’ पुढे बडतर्फी, मग कामगार न्यायालय.

तिथं ही एक ओळ टिकेल? बचुभाई हसनअली कारियाणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1971 च्या निकालाचा दाखला अशा वेळी हमखास निघतो. वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणं, विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यानं दारू प्यायल्याचं सिद्ध होत नाही, रक्ताची किंवा लघवीची तपासणी हवी, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं होतं. खोकल्याच्या काही औषधांनाही वास येतोच की! पण तो खटला फौजदारी होता, हे दाखला देणारे हळूच गाळतात. खातेचौकशीत इतका कडक पुरावा लागत नाही; बहुधा असंच घडलं असावं, इतपत पुरतं.

तरी पुरतं म्हणजे काहीही नव्हे. ब्रेथ ॲनालायझरच्या चिठ्ठीवर नाव, वेळ, आकडा, सही हवी. तपासणीला नकार दिला तर तोही तिथल्या तिथं, साक्षीदारांसमोर लिहून घ्यावा. आणि त्या सुपरवायझरची उलटतपासणी कामगाराला घेता आली पाहिजे.

आरोप शाबीत झाला तरी शिक्षेचा प्रश्न उरतो. किरकोळ चुकीला, मागची नोकरी न बघता, कामावरून काढण्याची धक्कादायक शिक्षा देणं ही महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यानुसार अनुचित कामगार प्रथा आहे. प्यायलेला क्रेन ऑपरेटर आणि वीस वर्षांत एकही मेमो नसलेला झाडूवाला यांना मग एकच माप कसं लावणार?