वॉशिंग्टनच्या छावणीतील देवीची साथ
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध म्हटले की बोस्टनचा चहा आणि ४ जुलै १७७६ चा जाहीरनामा आठवतो. मी बोलणार आहे ते त्या युद्धातील देवीच्या रोगाविषयी.

३१ डिसेंबर १७७५ रोजी अमेरिकन फौजेने कॅनडातील क्वेबेकवर हल्ला केला. तो फसला, सेनापती माँटगोमेरी पडले. वेढा चालू राहिला, पण छावणीत देवी पसरल्या. पुढे सूत्रे घेतलेले सेनापती टॉमस जून १७७६ मध्ये देवीनेच वारले. इंग्रज शिपायांपैकी पुष्कळांना लहानपणीच देवी येऊन गेल्या होत्या. खेड्यांतून आलेल्या अमेरिकन तरुणांना नव्हत्या.

जेन्नरची लस १७९६ ची. त्याआधीचा उपाय म्हणजे रुग्णाच्या फोडातील पू निरोगी माणसाच्या कातडीत टोचणे. तुर्कस्तानात ही चाल जुनी होती. इंग्रज वकिलाच्या पत्नी लेडी मेरी माँटेग्यू यांनी १७१८ साली इस्तंबूलला आपल्या मुलाला टोचून घेतले. बोस्टनमध्ये ही माहिती दिली ओनेसिमस नावाच्या एका आफ्रिकन गुलामाने, आपल्या मालकाला, म्हणजे पाद्री मेदर यांना. १७२१ च्या साथीत डॉ. बॉयल्स्टन यांनी प्रथम स्वतःच्या सहा वर्षांच्या मुलाला टोचले. लोक खवळले, मेदर यांच्या घरात बॉम्ब फेकला गेला. आकडे मात्र बोलके होते. टोचलेल्या सुमारे २४० जणांपैकी सहा दगावले. साथीत आजारी पडलेल्यांत सातांमागे एक.

लस टोचणारे आले की पोरांना माळ्यावर लपवणारी घरे मीही पाहिली आहेत. त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण खुद्द वॉशिंग्टन यांनीही प्रथम फौजेत टोचण्यास मनाई केली होती, आणि त्यांना तर तरुणपणी देवी येऊन गेल्या होत्या! टोचलेला शिपाई काही आठवडे निकामी होतो, इतरांना रोग देऊ शकतो. तेवढ्यात शत्रू चालून आला तर? भीती खोटी नव्हती.

अखेर फेब्रुवारी १७७७ मध्ये मॉरिस्टाउनच्या हिवाळी छावणीतून त्यांनी सर्वांना टोचण्याचा हुकूम सोडला. काम गुपचूप, तुकडीतुकडीने चालले. घरांचे आणि चर्चचे दवाखाने झाले. नव्या रंगरुटांना वाटेत फिलाडेल्फियातच टोचले जाई. पुढच्या हिवाळ्यात, व्हॅली फोर्जच्या छावणीत, उरलेल्यांना टोचण्यात आले.