टकलाचा जमाखर्च

टक्कल म्हणजे भाग्याचें लक्षण, असें म्हणून पुष्कळ गृहस्थ मनाची समजूत घालतात. आणि तेच गृहस्थ आरशासमोर भांग बदलून पाहतांना आढळतात. पुरुषांना वयपरत्वें पडणाऱ्या टकलानें कोणाचें आयुष्य घटत नाहीं, हें खरें. परंतु तिशीच्या आंतच ज्याचें कपाळ मागें सरूं लागलें आणि ज्याचें लग्न अद्याप ठरावयाचें आहे, त्या तरुणाला हें तत्त्वज्ञान पुरत नाहीं. त्याच्या दुःखाची थट्टा करणें सोपें आहे. त्याच्यापुढें उपचारांचा खरा जमाखर्च मांडणें अधिक उपयोगाचें आहे.

या टकलाचें मूळ फणींत, टोपींत किंवा नळाच्या पाण्यांत नाहीं. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनीं १९४२ सालीं असें दाखवून दिलें कीं, वयांत येण्यापूर्वींच ज्यांचे वृषण निकामी झाले अशा पुरुषांना टक्कल पडत नाहीं. मात्र त्यांना पुरुषद्रव्य दिलें, तर ज्यांच्या घराण्यांत टक्कल आहे त्यांचे केस जाऊं लागतात. पुढें हेंही कळलें कीं, या द्रव्यापासून शरीरांत तयार होणारा एक अधिक प्रभावी पदार्थ माथ्यावरील केसांचीं मुळें हळूहळू बारीक करीत नेतो. आनुवंशिकता आणि पुरुषद्रव्य हीं दोन्ही कारणें जन्मभर सोबत असतात. म्हणून टकलावरील औषध म्हणजे विकत घेतलेलें घर नव्हे, तें भाड्याचें घर आहे. भाडें थांबलें कीं घर सुटलें.

खात्रीनें उपयोगी ठरलेलीं औषधें मुख्यतः दोन. मिनॉक्सिडिल हें मूळचें वाढत्या रक्तदाबावरील औषध. तें घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढूं लागले, तेव्हां त्याचें माथ्यास लावावयाचें द्रावण निघालें व १९८८ सालीं अमेरिकेंत त्यास परवानगी मिळाली. फिनास्टेराइड १९९२ सालीं वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीसाठीं आणि १९९७ सालीं, १ मिलिग्रॅमच्या लहान मात्रेंत, केसांसाठीं तेथेंच मान्य झालें. पहिलें थांबविल्यास कांहीं महिन्यांत, आणि दुसरें थांबविल्यास वर्षाच्या आंत, मिळविलेलें बहुतेक सारें निघून जातें.

आतां खर्च पाहावा. द्रावण दिवसांतून दोनदां, प्रत्येक वेळीं १ मिलिलिटर लावावयाचें असतें. म्हणजे ६० मिलिलिटरची एक बाटली महिनाभर पुरते. वर्षाच्या १२ बाटल्या. पंचविसाव्या वर्षीं आरंभ करून पंचावन्नाव्या वर्षापर्यंत नेल्यास ३६०. दुकानांत एका बाटलीची किंमत विचारणाऱ्यानें ती या आंकड्यानें गुणून पाहावी, म्हणजे पुढें पश्चात्ताप होत नाहीं. प्रारंभींच्या आठवड्यांत केस उलट अधिक गळतात आणि गुण दिसण्यास चार-सहा महिने लागतात. जो दुसऱ्याच महिन्यांत कंटाळतो, त्याचा सारा पैसा वायां जातो. एकाच उजेडांत, एकाच जागीं दर तीन महिन्यांनीं छायाचित्र काढावें आणि वर्षाअखेर निर्णय घ्यावा. गुण नसल्यास औषध बंद करणें हीही बचतच होय. तेंच औषध निरनिराळ्या नांवांनीं निरनिराळ्या किंमतींस मिळतें, म्हणून डॉक्टरांना मूळ नांवानें लिहून देण्यास सांगावें. मात्र काटकसरीसाठीं ५ मिलिग्रॅमच्या गोळीचे तुकडे करण्याची युक्ति स्वतःच्या मनानें करूं नये. तुकडे सारखे होत नाहींत. शिवाय घरांत गर्भवती स्त्री असल्यास त्या चुऱ्याचा स्पर्शही तिला होतां कामा नये, कारण पुत्रगर्भाच्या अवयवांस त्यापासून धोका असतो.

दुष्परिणामांविषयीं दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात आणि दोन्ही फसवीं आहेत. द्रावणानें खाज सुटते, कधीं चेहऱ्यावर केस येतात. क्वचित् छातींत धडधड होते किंवा चक्कर येते. अशा वेळीं तें थांबवून डॉक्टरांस भेटावें. घरांत मांजर असल्यास विशेष जपावें, कारण हें औषध मांजरास प्राणघातक ठरूं शकतें. फिनास्टेराइडच्या पहिल्या वर्षाच्या चांचण्यांत कामजीवनासंबंधीं तक्रार औषध घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ३.८ जणांनीं केली. नुसती निरौषध गोळी घेणाऱ्यांपैकीं शेंकडा २.१ जणांनीं. बहुतेकांच्या तक्रारी गेल्या. परंतु औषध सोडल्यावरही त्या टिकल्याचे अनुभव नोंदले गेले, आणि २०१२ सालीं अमेरिकेंत औषधाच्या माहितीपत्रकांत त्यांचा उल्लेख करण्यांत आला. २०२५ सालीं युरोपच्या औषध-नियामक संस्थेनें आत्महत्येचे विचार हाही या गोळ्यांचा एक दुष्परिणाम असल्याचें मान्य केलें. ज्यास पूर्वीं उदासीनतेचा विकार झाला असेल त्यानें तें आरंभींच सांगावें, आणि मन खचूं लागल्यास गोळी बंद करून तत्काळ वैद्यकीय सल्ला घ्यावा.

भीतीचाही एक दुष्परिणाम असतो. प्रोस्टेटसाठीं हेंच औषध मोठ्या मात्रेंत घेणाऱ्यांचा एक इटालियन अभ्यास २००७ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांना कामजीवनावरील परिणामांची आधीं कल्पना दिली होती, त्यांपैकीं शेंकडा ४३.६ जणांनीं तशी तक्रार केली. ज्यांना दिली नव्हती, त्यांपैकीं शेंकडा १५.३ जणांनीं. यावरून रोग्यास अंधारांत ठेवावें असें मात्र ठरत नाहीं. त्याला आंकडे नीट समजावून द्यावे, एवढाच त्याचा बोध.

कारण सर्वांत महाग पडते ती लपवालपवी. समजा, एखादा गृहस्थ वीस वर्षें ही गोळी गुपचूप घेत आहे. पन्नाशीनंतर तो प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका तपासण्यासाठीं रक्ताची पीएसए तपासणी करवितो. या औषधानें तो आंकडा सुमारें निम्मा होतो. डॉक्टरांना गोळी ठाऊक असेल, तर ते २ हा आंकडा ४ म्हणून वाचतील. ठाऊक नसेल, तर "सारें ठीक आहे" म्हणून त्यास घरीं पाठवितील. केसांची लाज राखतांना जीवच पणास लागावा, हा कोणता व्यवहार? म्हणून पत्नीस, डॉक्टरांस आणि रक्तदानाच्या वेळीं रक्तपेढीस ही गोष्ट स्पष्ट सांगितलीच पाहिजे.

डोक्याच्या मागील केस पुढें रोवण्याची शस्त्रक्रियाही आतां सर्वत्र होते. ती एकदांच होत असली, तरी आसपासचे जुने केस गळतच राहतात. म्हणून औषधाचा खर्च बहुधा सुटत नाहीं. ती शिकलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांकडूनच करवावी. आणि जो कोणी तेलानें किंवा चूर्णानें टक्कल समूळ बरें करण्याची हमी देतो, त्याच्या दुकानाची पायरीच चढूं नये; आपल्या देशांतील औषधविषयक नियमांत, ज्या विकारांवर औषधानें बरें करण्याचा दावा करतां येत नाहीं त्यांच्या यादींत, टक्कल आहे.

इतका हिशेब मांडून ज्यास उपचार करावेसे वाटतील त्यानें ते खुशाल आणि उघडपणें करावे. ज्यास वाटणार नाहींत, त्यानें नाभिकाकडून उरलेले केस बारीक करवून घ्यावे आणि ताठ मानेनें हिंडावें. या दुसऱ्या उपायाचा दुष्परिणाम अद्याप कोणी नोंदलेला नाहीं.