विश्वचषक आणि पैजेचा बाजार



फुटबॉलच्या विश्वचषकाची कथा उरुग्वेपासून सुरू होते. १९३० सालीं त्या लहानशा देशानें तेरा संघांची पहिली स्पर्धा माँटेव्हिडिओ येथें भरविली आणि अंतिम सामन्यांत अर्जेंटिनाचा ४-२ असा पराभव करून चषक आपल्याच घरीं ठेवला. महायुद्धामुळें १९४२ व १९४६ सालीं स्पर्धा झाली नाहीं; एरवीं ती दर चार वर्षांनीं भरत आली. परंतु जेथें खेळ तेथें पैज, आणि जेथें पैज तेथें मोह! हा मोह खेळांत कसा शिरतो, हें आज मी इटलीच्या उदाहरणानें सांगणार आहें.

इटलींत १९४६ सालीं एक कायदेशीर पैज सुरू झाली; पुढें ती ‘तोतोकाल्चो’ या नांवानें ओळखली जाऊं लागली. छापील पत्रिकेवर सामन्यांची यादी असे. यजमान संघ जिंकेल असें वाटल्यास १, पाहुणा जिंकेल असें वाटल्यास २ आणि बरोबरीसाठीं फुली, अशी खूण करावयाची. पुढें सामन्यांची संख्या तेरा ठरली. जमलेल्या रकमेचा कांहीं भाग अचूक भाकीत करणाऱ्यांत वाटला जाई. या योजनेंतील मर्म असें कीं, एखादा सामना कोणी विकत घेतला तरी उरलेले बारा दैवाच्याच हातीं राहत. लबाडीला फारसें फळ नव्हतें.

चोरट्या बाजाराची रीत निराळी. त्याला ‘तोतोनेरो’, म्हणजे काळी पैज, म्हणत. तेथें एकाच सामन्यावर पैसे लावतां येत. मग दोनचार खेळाडू वश झाले कीं काम भागलें! शकुनीच्या हातीं फांसे आल्यावर धर्मराजाचें काय झालें, तें आपण सारे जाणतों.

१९८० च्या मार्चमध्यें रोमच्या दोन व्यापाऱ्यांनीं सरकारी वकिलांकडे तक्रार केली कीं, खेळाडूंना पैसे देऊनही निकाल ठरल्याप्रमाणें लागले नाहींत व आपण बुडालों. चोरानेंच चोरीची फिर्याद द्यावी, तसा हा प्रकार! त्याच महिन्यांत पोलिसांनीं थेट मैदानांवर जाऊन खेळाडूंना पकडलें. न्यायालयांतून ते सुटले, कारण खेळांतील लबाडी हा स्वतंत्र गुन्हा त्या वेळीं नव्हता. तसा कायदा १९८९ सालीं झाला. परंतु क्रीडासंघटनेनें मिलान व लाझिओ या संघांना खालच्या श्रेणींत उतरविलें आणि अनेक खेळाडूंवर बंदी घातली.

त्यांत पाओलो रॉसी होता. त्याच्यावरील तीन वर्षांची बंदी अपिलांत दोन वर्षांवर आली. संशयित सामना २-२ असा बरोबरींत सुटला होता व पेरुजाचे दोन्ही गोल त्यानेंच केले होते. आपण निर्दोष आहों, असें तो पुढेंही सांगत राहिला.

बंदी संपली ती १९८२ च्या वसंतांत, विश्वचषकाच्या तोंडावर. स्पेनमध्यें पहिल्या चार सामन्यांत त्याच्याकडून एकही गोल झाला नाहीं. पुढें ५ जुलै रोजीं बार्सिलोना येथें ब्राझीलशीं गांठ पडली. ब्राझीलला नुसती बरोबरी पुरेशी होती. रॉसीनें तीन गोल केले. इटलीनें सामना ३-२ असा जिंकला. उपांत्य सामन्यांत पोलंडविरुद्ध त्यानें दोन व अंतिम सामन्यांत पश्चिम जर्मनीविरुद्ध एक गोल केला. इटली जगज्जेती झाली आणि सर्वाधिक गोलांचा मान रॉसीला मिळाला.

त्यामुळें त्याच्यावरील डाग धुतला गेला काय? चांगला खेळ हा निर्दोषत्वाचा पुरावा नव्हे. पैजेची खरी हानि हीच कीं, तिच्या स्पर्शानें उत्तम गोलही संशयास्पद ठरतो. हातून सुटलेला चेंडू ही चूक कीं सौदा, हें प्रेक्षकानें कसें ओळखावें?

आज मोबाइलवर पुढचा कॉर्नर कोणाला, पिवळें कार्ड कोणाला, यांवरही पैसे लावतां येतात. पैज जितकी बारीक, तितकी लबाडी स्वस्त. तेरा सामन्यांच्या पत्रिकेचा धडा हाच आहे. मित्रांत चहाची पैज खुशाल लावावी. परंतु निकाल कोणासही आधीं ठाऊक नाहीं, या विश्वासावरच आपण मध्यरात्रीं जागून सामना पाहतों. तो विश्वास गेला तर मैदानावर बावीस माणसें धांवत राहतील, पण खेळ उरणार नाहीं.