मोर्चाचा दुसरा दिवस



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढचे जे काही झाले ते नगरपालिकेच्या वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. त्यातून चालकांनी विषय दिला तो ‘प्रवास आणि विरंगुळा’. संपावर बोला म्हणाले असते तर नवल नव्हते. पण विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की, सहलीच्या बाबतीतही आमचे एक जुने भांडण आहेच.

वरोऱ्याहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर. 1956 पर्यंत ती आपल्या प्रांताची राजधानी होती. 1960 नंतर उपराजधानी झाली, आणि हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत तर ती राजधानीच असते. त्या दिवसांत आम्ही मोर्चे घेऊन जातो. पहाटे शिदोरी बांधून निघायचे, घसा बसेपर्यंत घोषणा द्यायच्या, पोलीस अडवतील तिथे बसकण मारायची, शिष्टमंडळ निवेदन देऊन आले की रातोरात परत. काही वर्षांपूर्वी परतताना ठेक्यावरचा एक कामगार म्हणाला, “भाऊ, मी नागपूरले धा डाव आलो, पन मोर्च्याची सडक सोडून काईच पाह्यलं नाई.” आम्हांला उत्तर सुचले नाही. खरे सांगायचे तर आम्हीही फारसे पाहिले नव्हते.

पुढच्या सभेत आम्ही ठराव मांडला की, मोर्चानंतर एक दिवस मुक्काम करून शहर पाहावे. खजिनदारांनी वही मिटली आणि विचारले, “वर्गणी काय मिरवायले गोळा केली?” त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. संपात एकेक रुपया कसा लागतो हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक? दोन तास खडाजंगी झाली. शेवटी ठरले की भाडे ज्याचे त्याने भरावे, रात्रीच्या मुक्कामाची सोय तेवढी युनियनने करावी. चाळीसेक जण तयार झाले, त्यांत बायाही होत्या.

सकाळी प्रथम झीरो माइलला गेलो. देशाच्या मोजणीच्या काळातला दगडी खांब, भोवती घोडे. लोक तिथे छायाचित्रे काढतात. जवळच गोवारी शहिदांचे स्मारक आहे. 23 नोव्हेंबर 1994 रोजी अधिवेशनावर आलेल्या गोवारी बांधवांच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि 114 माणसे मेली. त्यांत बाया आणि लेकरे होती. आमच्यासारखीच शिदोरी बांधून आलेली माणसे ती. तिथे आमच्यातले कोणी बोलले नाही. मागे सीताबर्डीचा किल्ला दिसतो. 1817 साली भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली ती हीच टेकडी. किल्ला लष्कराकडे आहे, लोकांना वर्षातून मोजकेच दिवस आत सोडतात. त्यांत 1 मे असतो, हे आमच्या मंडळींना फार आवडले!

अजबबंगला 1863 सालचा. पेंढा भरलेले प्राणी, शस्त्रे, शिलालेख, सगळे आहे. पण आमचा वेळ गेला आदिवासींच्या वस्तूंपुढे. एक बाई काचेजवळून हलेचना. म्हणाली, “हे त माह्या आजीच्या घरी होतं. इथं पहारा बसवला त्यावर!” तिला हसू येत होते, आणि थोडा अभिमानही वाटत असावा.

तिथून एम्प्रेस मिलच्या जागेकडे गेलो. ही गिरणी 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झाली. जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून नागपूर का निवडले? कापूस जवळ, रेल्वे जवळ, आणि आपल्या वरोऱ्याचा कोळसाही जवळ. आपली खाण विसाव्या शतकाच्या आरंभीच बंद पडली, आणि गिरणीही 2002 साली बंद झाली. आज तिथे मोठे दुकानसंकुल उभे आहे. एक म्हातारा खाणकामगार त्या गुळगुळीत फरशीवर चपला हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, “म्हंजे आपला कोयसा इथं जयला म्हना ना!” सहलीच्या पुस्तकात हे वाक्य नसते.

दुपारी दीक्षाभूमीवर. 14 ऑक्टोबर 1956 सगळ्यांना पाठ असतो. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना कारखान्यातील कामगारांना पगारी रजा देणारे विधेयक त्यांनी मांडले, ते 1945 साली मंजूर झाले, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. त्याआधी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणी कामगारांना 10 जून 1890 पासून रविवारची सुटी मिळाली. फ्रान्समध्ये 1936 च्या संपानंतर दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळाली आणि कामगारांची कुटुंबे झुंडीने समुद्र पाहायला निघाली. कित्येकांनी तो जन्मात पहिल्यांदा पाहिला. तेव्हा मंडळी, कोणते स्थळ रम्य आहे हा प्रश्न नंतरचा. ते पाहायला जाण्याचा दिवस कोणाच्या मालकीचा, हा पहिला.

संध्याकाळी फुटाळा तलावाच्या काठी बसून भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या. दुसरे काहीही केले नाही. सहलीतला उत्तम तास तोच.

परत आल्यावर एका ठेकेदाराने दोन दिवसांच्या गैरहजेरीबद्दल चार दिवसांची मजुरी कापली. ते भांडण काही महिने चालले. जादा कापलेली मजुरी परत मिळाली. ते दोन दिवस मात्र बुडालेच. कागदावर रजा आहे, ठेक्यावरच्या माणसाच्या हजेरीपुस्तकात ती उतरत नाही. “म्हणजे पुन्हा जाणार नाही ना?” असे आम्हांला एका स्नेह्यांनी विचारले.

येत्या डिसेंबरची यादी सुरू झाली आहे. अजबबंगला सोमवारी बंद असतो, म्हणून तो वार टाळला आहे. यादीत पहिले नाव खजिनदारांचे आहे. त्यांना महाराजबागेत वाघ पाहायचा आहे. ताडोबाच्या शेजारी उभा जन्म गेला, पण तिथल्या सफारीच्या जिप्सीचे भाडे त्यांना कधी परवडले नाही.