नेमोचं गाव कोणतं?



समुद्राखालच्या सिनेमावर बोलायला मी वडगावसारख्या गावात आलोय, जिथून समुद्र बघायचा तर आधी घाट उतरावा लागतो. तरी विषय वाटतो तितका लांबचा नाही.

'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' हा डिस्नेचा चित्रपट डिसेंबर १९५४मध्ये आला. दिग्दर्शक रिचर्ड फ्लायशर. त्याचे वडील मॅक्स फ्लायशर कार्टूनच्या धंद्यात डिस्नेचे जुने प्रतिस्पर्धी, आणि डिस्नेनं नेमकं त्यांच्याच पोराला बोलावलं! नावाचा घोळ आधी मिटवू. वीस हजार लीग ही खोली नव्हे, ते पाण्याखालून कापलेलं अंतर. सुमारे ८०,००० किलोमीटर. तेवढं खोल गेलात तर पृथ्वीच्या पलीकडून बाहेर पडाल.

चित्रपटाचं कौतुक झालं ते मुख्यतः डोळ्यांना दिसलं त्याचं. कलादिग्दर्शन आणि स्पेशल इफेक्ट्स अशी दोन ऑस्कर मिळाली. नॉटिलस पाणबुडीचं ते काटेरी, मगरीसारखं रूप हार्पर गॉफनं कल्पिलं. पण तो कलादिग्दर्शकांच्या युनियनचा सभासद नव्हता, म्हणून ऑस्करची बाहुली दुसऱ्यांच्या हाती गेली. महाकाय माखल्याशी झुंज आधी शांत समुद्रावर, मावळतीच्या उजेडात चित्रित केली होती. त्यात तारा दिसायला लागल्या, राक्षस रबरी वाटायला लागला. मग सगळं रद्द करून तोच प्रसंग रात्रीच्या वादळात, पावसात, लाटांच्या माऱ्यात पुन्हा घेतला. खर्च वाढला, पण राक्षस जिवंत झाला. चित्रपट-दिग्दर्शक बाबुराव पेंटरांच्या या कोल्हापूर जिल्ह्यात मी हे समजावून सांगायला नको.

कॅप्टन नेमोच्या भूमिकेतला जेम्स मेसन मला आजही थोर वाटतो. कर्क डग्लस मात्र गातो, उड्या मारतो, पाळलेल्या सीलशी खेळतो. मध्येच सर्कस आल्यासारखं होतं. मुलांना ते आवडतं, माझी तक्रार नाही.

तक्रार वेगळी आहे. हा नेमो कोण? लॅटिनमध्ये नेमो म्हणजे 'कुणीही नाही'. मूळ कादंबरी लिहिणाऱ्या ज्यूल व्हर्नच्या मनात तो आधी रशियाविरुद्ध लढणारा पोलिश माणूस होता. प्रकाशक हेट्झेलला ते रुचलं नाही. रशियातला खप बुडाला असता. म्हणून पहिल्या कादंबरीत नेमो बिनगावाचाच राहिला. पुढं १८७५ च्या 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये व्हर्ननं पत्ते उघडले: हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, सत्तावन्नच्या उठावात इंग्रजांशी लढलेला, घरदार गमावून समुद्रात उतरलेला. व्हर्न त्याला टिपू सुलतानाच्या नात्यातलाही करतो. बुंदेलखंड कुठं, श्रीरंगपट्टण कुठं! दोन्ही कादंबऱ्यांच्या सनावळ्याही जुळत नाहीत. पण माणूस आपला आहे.

आता कोल्हापूरकडे वळतो. ३१ जुलै १८५७ ला इथं सत्ताविसाव्या पलटणीनं बंड केलं. छत्रपतींचे धाकटे बंधू चिमासाहेब यांच्यावर इंग्रजांचा संशय. त्यांना उचलून कराचीला नेऊन ठेवलं. ते परत आले नाहीत. १८६९मध्ये तिथंच वारले. त्याच वर्षी पॅरिसच्या एका मासिकात नेमोची गोष्ट क्रमशः सुरू झाली. व्हर्नला चिमासाहेब ठाऊक असण्याचं कारण नाही, हा निव्वळ योगायोग. पण सत्तावन्नमधला राजघराण्याचा माणूस आणि मुलुखाबाहेर आलेलं मरण, ही गोष्ट आपल्याला कादंबरीतून कळावी लागत नाही.

१९१६च्या मूकपटानं नेमोला हिंदी राजपुत्रच ठेवलं होतं. काम गोऱ्या नटानं केलं, ही त्या काळाची रीत. १९५४मध्ये तेही गेलं. डिस्नेच्या नेमोला रुरा पेंथे नावाचा तुरुंग आहे, छळून मारलेली बायको आणि मूल आहे, देश मात्र नाही. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेनं 'नॉटिलस' याच नावाची पहिली अणुपाणबुडी पाण्यात सोडली होती. सिनेमाच्या शेवटी बेटावरून उठणारा धुराचा लोट बघा. तिथं नेमोचं दुःख अणुबॉम्बच्या भीतीला दत्तक दिलंय. नसिरुद्दीन शहानं २००३च्या एका सिनेमात हिंदी नेमो रंगवला, पण तो सिनेमा बेताचाच.

पहिल्या कादंबरीत सिलोनजवळचा एक प्रसंग आहे. मोती काढणाऱ्या एका गरीब हिंदी पाणबुड्यावर शार्क झेपावतो. नेमो खंजीर घेऊन मध्ये पडतो, त्याला वाचवतो, शुद्धीवर आल्यावर मोत्यांची पिशवी त्याच्या हातात ठेवतो. नंतर सोबत्याला सांगतो की हा माणूस दडपलेल्यांच्या देशातला आहे, आणि मीही तिथलाच.

१९५४च्या चित्रपटात हा प्रसंग नाही.