मुलाखतीस सामोरे जाताना



मुलाखतीविषयी बोलणाऱ्याने काही हमखास उत्तरे श्रोत्यांच्या हाती ठेवावीत, अशी अपेक्षा बहुधा असते. ती मी पूर्ण करू शकणार नाही. कारण अशी उत्तरे मुलाखत मंडळाला तुमच्या आधीच पाठ झालेली असतात.

उदाहरणादाखल केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा घेऊ. तिच्या मुख्य परीक्षेत लेखी भागास १७५० गुण, तर मुलाखतीस २७५ गुण असतात. म्हणजे एकूण गुणांच्या सुमारे साडेतेरा टक्के. तेव्हा काही वर्षांचा अभ्यास अर्ध्याएक तासात वाया जातो, ही भीती अनाठायी आहे. परंतु गुणवत्ता यादीत एकेका गुणाने क्रम बदलतो, म्हणून या अर्ध्या तासाची उपेक्षाही करता येत नाही.

आयोगाच्या नियमांत या मुलाखतीस व्यक्तिमत्त्व चाचणी म्हटले आहे, आणि तिचे स्वरूप उलटतपासणीचे नसून स्वाभाविक, तरीही विशिष्ट हेतूने दिशा दिलेल्या संभाषणाचे असावे, असे सांगितले आहे. विषयाचे ज्ञान लेखी उत्तरांतून आधीच तपासलेले असते. येथे पाहावयाची असते ती मनाची सावधता, विचारांची सुसंगत मांडणी, निर्णयातील समतोल आणि बौद्धिक व नैतिक सचोटी.

मग तयारी कशाची करावी? मंडळाच्या सदस्यांपुढे तुमचे जन्मस्थान, शिक्षण, अनुभव, छंद यांची नोंद असते आणि ती तुम्हीच भरून दिलेली असते. अर्धी प्रश्नपत्रिका अशा रीतीने उमेदवार स्वतःच तयार करीत असतो. ओडिशातील गंजाम जिल्ह्याच्या उमेदवाराचे उदाहरण घ्या. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे दगावली. २०१३ मध्ये फायलिन हे प्रबळ वादळ याच जिल्ह्यातील गोपाळपूरजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा मृतांची संख्या शंभराच्याही आत राहिली. हा फरक कशाने पडला, असे त्यास विचारले जाणे स्वाभाविक आहे. वेळेवर मिळालेला इशारा, निवारागृहे आणि लाखो लोकांचे आगाऊ स्थलांतर यांचा परस्परसंबंध तो उलगडून सांगू शकला, तर मंडळास त्यात भावी प्रशासक दिसेल. केवळ तारखा व वाऱ्याचा वेग सांगून तो थांबला, तर स्मरणशक्तीपलीकडे काही दिसणार नाही.

छंदांचेही तसेच. वाचनाची आवड आहे असे लिहिणाऱ्याने अलीकडे वाचलेल्या एखाद्या पुस्तकाविषयी पाच मिनिटे बोलता येईल, एवढी सिद्धता ठेवावी. जो छंद जोपासलेला नाही, तो अर्जात लिहू नये.

माहितीचा प्रश्न असेल आणि उत्तर ठाऊक नसेल, तर तसे सरळ सांगावे. अंदाज बांधावयाचा झाल्यास तो अंदाज आहे हेही सांगावे. मताचा प्रश्न असेल, तर दोन्ही बाजू थोडक्यात मांडून आपला निष्कर्ष द्यावा. सदस्याने त्यास हरकत घेतली म्हणजे तो रुष्ट झाला, असे समजू नये. हरकतीत तथ्य असेल तर ते मान्य करावे. नसेल तर शांतपणे आपले कारण पुन्हा सांगावे. यासाठी मित्रांसमोर मोठ्याने बोलण्याचा सराव फार उपयोगी पडतो. मात्र मुद्दे लिहावेत, वाक्ये लिहून पाठ करू नयेत. मुख्य परीक्षा भारतीय भाषेतून दिलेल्या उमेदवारास त्याच भाषेत मुलाखतही देता येते. तेव्हा इंग्रजीच्या धास्तीने आपले विचार तोकडे करण्याचे कारण नाही.

मुलाखतीच्या पद्धतीलाही मर्यादा आहेत, हे विसरून चालणार नाही. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशाच्या खटल्यात लेखी परीक्षेस १०० आणि मुलाखतीस ५० गुण असल्याचे, व प्रत्येकाची मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकल्याचे समोर आले, तेव्हा १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रमाणास मनमानी ठरविले. पुढे केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून आपल्या कनिष्ठ पदांसाठीच्या मुलाखती बंद केल्या. माणसाची पारख अल्प वेळात करण्यात चूक होऊ शकते, याचीच ही कबुली होय.

म्हणून निकाल प्रतिकूल लागला, तर तो आपल्या योग्यतेवरील अंतिम निर्णय मानू नका. घरी आल्यावर विचारलेले प्रश्न आठवून लिहून काढा, कोठे अडखळलो ते पाहा आणि पुढील अर्ज भरावयास घ्या.