पारख आणि जपणूक



सोलापूरहून तुळजापूरला निघाले की वाटेत तामलवाडी लागते. धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूर तालुक्यातले, महामार्गावरचे शेतकऱ्यांचे गाव. आश्विनी पौर्णिमेच्या आधी सोलापूरकडून आणि कर्नाटकातून येणाऱ्या भाविकांची रीघ याच रस्त्याने रात्रंदिवस पायी तुळजाभवानीकडे जाते. त्यात बायका मोठ्या संख्येने असतात. आजच्या व्याख्यानाचा विषय सौंदर्यस्पर्धा असा जाहीर झाला आहे, आणि तरीही मी तामलवाडीच्या रस्त्यापासून सुरुवात करते आहे. हा विषय मुंबईच्या एखाद्या रंगमंचावर सुरू होतो आणि तिथेच संपतो, असे मला वाटत नाही. माझे म्हणणे थोडक्यात एवढेच आहे: आपला समाज बाईच्या शरीराची पारख फार करतो आणि जपणूक फार थोडी करतो. सौंदर्यस्पर्धा ही त्या पारखीची सर्वांत झगमगीत जागा आहे. पण तीच सवय आपल्या दिवाणखान्यात आहे, लग्नाच्या बायोडाटात आहे आणि उसाच्या फडातही आहे.

आधी या स्पर्धा आल्या कुठून ते पाहू. 1921 साली अमेरिकेत अटलांटिक सिटी इथे जी स्पर्धा सुरू झाली आणि पुढे ‘मिस अमेरिका’ म्हणून ओळखली गेली, तिचा हेतू उन्हाळी हंगाम संपल्यावरही पर्यटकांना किनाऱ्यावर थांबवून ठेवणे हा होता. ‘मिस वर्ल्ड’ 1951 साली लंडनमध्ये ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’च्या निमित्ताने भरवलेल्या बिकिनी स्पर्धेतून जन्मली. ‘मिस युनिव्हर्स’ तर पोहण्याचे कपडे बनवणाऱ्या कंपनीने काढली. त्या वेळच्या मिस अमेरिका विजेतीने त्या कपड्यांत मिरवायला नकार दिला, आणि कंपनीने 1952 मध्ये आपली वेगळी स्पर्धा उभी केली. हॉटेल, उत्सव आणि कपडे खपवण्यासाठी निघालेल्या या उपक्रमांवर ‘स्त्रीचा सन्मान’ ही पाटी नंतर लागली. बाजाराने काढलेली प्रत्येक गोष्ट वाईट असते असे मी म्हणत नाही. पण ज्या मापाने आपल्या मुली स्वतःला मोजू लागल्या, ते माप मुळात कुणी कशासाठी तयार केले हे ठाऊक असलेले बरे.

भारतात या मापाला खरी प्रतिष्ठा मिळाली ती 1994 मध्ये. मे महिन्यात सुश्मिता सेन ‘मिस युनिव्हर्स’ झाली, नोव्हेंबरमध्ये ऐश्वर्या राय ‘मिस वर्ल्ड’. देशभर आनंद झाला आणि तो खोटा नव्हता. आर्थिक उदारीकरणाला तीन वर्षे झाली होती, जग आपल्याकडे कौतुकाने पाहते आहे असे मध्यमवर्गाला वाटत होते. पण त्याच वर्षी, या दोन मुकुटांच्या मधल्या सप्टेंबर महिन्यात, गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशाला करावा लागला. महाराष्ट्राने तर असा कायदा सर्वांच्या आधी, 1988 मध्येच केला होता. तरीही 2011 च्या जनगणनेत धाराशिवच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे फक्त 807 मुली निघाल्या. मुलगी सुंदर निघाली तर देशाचा अभिमान, आणि पोटात मुलगी आहे हे कळले तर ओझे. ही दोन मते दोन वेगळ्या समाजांची नव्हती. एकाच समाजाने मुलीकडे ‘हिचा उपयोग काय’ या एकाच प्रश्नातून पाहिले आणि जागेनुसार वेगवेगळी उत्तरे दिली.

आता रंगमंचावरून घरात येऊ. बघण्याच्या कार्यक्रमाला आपण लाडाने कांदेपोहे म्हणतो. मुलीने बाहेर यायचे, चहापोहे द्यायचे, समोर बसायचे. कुणी तिला चालायला सांगायचे, कुणी केसांची लांबी विचारायची, कुणी उंचीचा अंदाज घ्यायचा. पुढे ‘पसंत आहे’ किंवा ‘कळवतो’. उंचीची अट, चालून दाखवणे, हसतमुख उत्तरे, परीक्षकांचा निर्णय: सौंदर्यस्पर्धेची सारी चौकट इथे आहे, फक्त दिवे नाहीत. लग्नाच्या बायोडाटात आजही ‘वर्ण’ असा रकाना असतो आणि त्यात गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा अशी प्रतवारी असते. खाली ‘रक्तगट’ही असतो. हा रकाना मला फार बोलका वाटतो. मुलीच्या रक्ताचा गट कोणता हे आपण छापून मागतो, पण तिच्या अंगात रक्त किती आहे हे विचारत नाही. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे जिच्या रंगाकडे सगळ्यांचे लक्ष असते, तिच्या फिकटपणाकडे कुणाचेच नसते. फिकट मुलगी ‘नाजूक’ म्हणून पसंत पडण्याचीही शक्यता असते. रूपावर खिळलेली नजर शरीर पाहायला शिकत नाही, हा माझा मुख्य आक्षेप आहे.

ही नजर किती दूर जाते याचे उदाहरण मराठवाड्यानेच देशासमोर ठेवले. बीड जिल्ह्यात ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण अस्वाभाविक आहे अशी ओरड झाल्यावर 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या सुमारे 82 हजार स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कारणे गुंतागुंतीची होती: लहान वयातले लग्न आणि बाळंतपणे, फडावर शौचालय आणि पाणी नसणे, कर्करोगाची भीती घालणारे सल्ले. त्यातच होता ‘खाडा’. मुकादमाकडून उचल घेतलेल्या जोडप्याने एक दिवस काम चुकवले तर पैसे कापले जातात. पाळीच्या दुखण्याला त्या हिशेबात जागा नाही, म्हणून पाळीच नको. मुकुटामुळे हे घडले असे कुणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण बाईचे शरीर तिचे स्वतःचे घर आहे हे विसरून ते इतरांच्या कामी कितपत येते एवढेच पाहायचे, ही सवय दोन्हीकडे सारखी आहे. एकीकडे ते दिसण्याच्या कामी यायचे, दुसरीकडे राबण्याच्या. सुखदुःखासह त्या शरीरात राहणारी बाई दोन्ही हिशेबांतून गळते.

या मांडणीवर आक्षेप येतील आणि ते हलके नाहीत. पहिला आक्षेप संधीचा: या स्पर्धांनी अनेक मुलींना घराबाहेर काढले, आत्मविश्वास दिला, व्यवसाय दिला. हे खरे आहे. 1966 मध्ये ‘मिस वर्ल्ड’ झालेल्या रीटा फारिया यांचे उदाहरण तर आपल्याच मातीतले. मुंबईत वाढलेली गोमंतकीय कुटुंबातली मुलगी, ग्रँट मेडिकल कॉलेजची विद्यार्थिनी, हा किताब मिळवणारी पहिली आशियाई स्त्री. पण त्यांनी पुढे काय केले ते पाहा. चित्रपट आणि मॉडेलिंगच्या वाटेने न जाता त्या वैद्यकीय शिक्षणाकडे परतल्या आणि डॉक्टर झाल्या. त्यांना आयुष्यभर पुरलेले दार मुकुटापूर्वीच उघडले होते, ते वैद्यकीय महाविद्यालयाचे. शिवाय मुकुट एकीला मिळतो आणि बाकीच्या सगळ्यांना ‘तू कमी पडलीस’ असे सांगतो. महाविद्यालयाचे दार दरवर्षी शेकडो जणींना आत घेते आणि शिकलेली पहिली मुलगी मागच्या मुलींची वाट सोपी करते.

दुसरा आक्षेप निवडीचा: मुलगी स्वतःहून भाग घेते, तिला अडवणारे आपण कोण? अडवू नयेच. 1996 मध्ये बंगळुरूला ‘मिस वर्ल्ड’ भरली तेव्हा मोठा विरोध झाला, मदुराईत एका तरुणाने स्वतःला जाळून घेतले, आणि पोहण्याच्या कपड्यांतली फेरी सेशेल्सला हलवण्यात आली. संस्कृतीच्या नावाने झालेल्या विरोधाचा मोठा भाग कपड्यांपुरता होता. मुलीने किती अंग झाकायचे हे ठरवण्याचा हक्क विरोधकांनी मागितला आणि किती उघडायचे हे ठरवण्याचा हक्क आयोजकांकडे होता. परीक्षकाची खुर्ची कुणी सोडली नाही, फक्त तिच्यावर कोण बसणार यावरून भांडण झाले. म्हणून मी बंदीच्या बाजूची नाही. मात्र निवड खऱ्या अर्थाने मोकळी असायला नापसंतीची किंमत कमी असावी लागते. जिथे सावळ्या रंगापायी स्थळे मोडतात, तिथे गोरेपणाची क्रीम विकत घेणे ही मुक्त निवड म्हणता येणार नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा आहे: सजण्यात आनंद आहे, तो का हिरावून घ्यायचा? मुळीच हिरावू नये. गजरा, नऊवारी, काजळ ही मराठी बाईची स्वतःची समृद्धी आहे, आणि तालुक्याच्या गावी ब्यूटी पार्लर चालवून घर सावरणाऱ्या बायकांच्या कौशल्याला मान दिलाच पाहिजे. फरक सजणे आणि गुण मिळवणे यांत आहे, आणि तो समजायला तामलवाडीहून पुढे तुळजापूरच्या गाभाऱ्यात जावे. गंडकी शिळेची ती काळी, अष्टभुजा मूर्ती. शारदीय नवरात्रात तिच्या अलंकार महापूजा बांधतात; एका दिवशी महिषासुरमर्दिनी, एका दिवशी भवानी तलवार अलंकार, ज्यात देवी शिवरायांना तलवार देताना दिसते. तिथला साज देवीने काय केले ते सांगतो. ती किती उजळ आहे हे तिथे कुणी विचारत नाही. एवढी परंपरा पाठीशी असलेल्या लोकांनी आपल्या लेकीच्या बायोडाटात ‘निमगोरी’ लिहावे, हे मला मनापासून दुखते.

हे बदलणार नाही असे मानू नका. जून 2020 मध्ये एका मोठ्या विवाह संकेतस्थळाने वर्णानुसार स्थळे गाळण्याची सोय काढून टाकली. ती निघाली उत्तर अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या तरुणींनी आवाज उठवल्यावर. 1975 पासून विकल्या जाणाऱ्या ‘फेअर अँड लव्हली’लाही त्याच वर्षी नावातला ‘फेअर’ सोडावा लागला. नाव बदलले म्हणून नजर बदलली असे नाही, पण दूर राहणारी माणसे काय करू शकतात हे त्यातून दिसले. म्हणून देशाबाहेर राहणाऱ्या आपल्या या मराठी मंडळाकडे माझी मागणी साधी आहे. वधू-वर मेळाव्याच्या अर्जातला वर्णाचा रकाना काढा. मुलींचे कौतुक करताना पहिले वाक्य दिसण्याबद्दल नसू द्या. आणि देशाकडे मदत पाठवताना ऊसतोड कामगार स्त्रियांच्या आरोग्यासाठी काही राखून ठेवा.

शेवटी पुन्हा त्याच रस्त्याकडे येते. तुळजापूरला एक प्रथा आहे जी मला जगातल्या कोणत्याही मुकुटापेक्षा मोलाची वाटते. विजयादशमीला सीमोल्लंघन झाले की देवीची मूर्ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. युद्धाने ती थकली आहे, म्हणून आश्विनी पौर्णिमेपर्यंत तिची श्रमनिद्रा. ज्या जगन्मातेला थकवा शिवू शकत नाही, तिच्याही श्रमांची नोंद आमच्या पूर्वजांनी घेतली आणि तिला रजा दिली. तामलवाडीवरून चालत जाणारी माणसे तिच्या या विश्रांतीच्या दिवसांतच वाट चालत असतात. पुढे थोड्याच दिवसांत ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात, आणि त्यांतल्या बाईला एका दिवसाच्या विश्रांतीसाठी खाडा भरावा लागतो. देवीला जे दिले ते तिला देता आले, तर रूपाचा प्रश्न आपोआप त्याच्या जागी जाईल. जिला आपण जपतो, तिची पारख करत बसण्याची गरज उरत नाही.